गॅरी मूरचा ब्लूज : तयारी कामी आली की आड आली?

चर्चाप्रस्ताव : खर्ज

बेलफास्टच्या गॅरी मूरचा 'स्टिल गॉट द ब्लूज' हा अल्बम १९९० साली आला. तोपर्यंत 'थिन लिझी' या रॉक बँडमध्ये आणि नंतर स्वतःच्या हार्ड रॉक अल्बमांमध्ये विजेच्या वेगाने बोटे फिरवणारा गिटारवादक हीच त्याची ओळख होती. त्यामुळे रॉकमधल्या या तयारीच्या वादकाने ब्लूजला, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्याच्या परंपरेला, हात घातला आणि त्यातला जीव काढून घेतला, असे आजही म्हटले जाते. मला हे म्हणणे अन्यायाचे वाटते.

मूर ब्लूजकडे उतारवयात वळला नव्हता, तो तिथूनच निघाला होता. डब्लिनमधल्या 'स्किड रो' या बँडमध्ये असताना पोरसवदा मूरला 'फ्लीटवुड मॅक' या ब्लूज बँडचा गिटारवादक पीटर ग्रीन याने हात दिला आणि पुढे आपली १९५९ सालची लेस पॉल गिटारही अगदी कमी किमतीत त्याच्या स्वाधीन केली. त्या गिटारच्या एका पिकअपचे (तारांचे कंपन विजेत बदलणाऱ्या भागाचे) चुंबक उलटे असल्यामुळे दोन्ही पिकअप एकत्र चालू केले की स्वर पोकळ, किंचित नाकातून आल्यासारखा निघतो. त्याच गिटारवर मूरने १९९५ मध्ये 'ब्लूज फॉर ग्रीनी' हा संपूर्ण अल्बम ग्रीनच्या वादनाला वाहिला. इतके ऋण मानणाऱ्याला उपरा कसे म्हणायचे?

प्रतिसाद : बारा मात्रा

ऋण मानणे वेगळे आणि ब्लूज वाजवणे वेगळे. आपण उल्लेखलेल्या १९९०च्या अल्बममधले 'ओह प्रिटी वुमन' शांतपणे ऐका. हे गाणे अमेरिकी ब्लूज गिटारवादक अल्बर्ट किंगने १९६०च्या दशकातच गाजवले होते आणि मूरच्या ध्वनिमुद्रणात तो स्वतः पाहुणा म्हणून वाजवतो. किंग डावखुरा होता आणि उजव्या हाताची गिटार तशीच उलटी धरत असे, त्यामुळे बारीक तारा वरच्या बाजूला येत आणि त्या तो जमिनीच्या दिशेने खाली ओढत असे. पिक (तार छेडायची चकती) न वापरता, अंगठ्याने तो एकच तार छेडतो, ती दीड-दोन स्वरांपर्यंत ताणतो आणि थांबतो. त्या थांबण्यात गाणे बोलते. मूरला ही जागा रिकामी ठेवणे जमत नाही, किंगने चार स्वरांत सांगितलेले सांगायला त्याला चाळीस लागतात. ब्लूज ही गायकाची ओळ आणि तिला वाद्याने दिलेले उत्तर यांची कला आहे. उत्तर देणाऱ्याने आधी ऐकून घ्यायला नको का?

प्रतिसाद : गांधार

मी गिटार शिकतो आणि सतारही थोडी वाजवली आहे, म्हणून एक मुद्दा मांडतो. ब्लूजमधला गांधार पुष्कळदा कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी असतो. पडद्यांच्या वाद्यावर तो मिळवायचा तर तार आडवी ओढावी लागते, म्हणजे सतारीवर मींड घेतो तेच करावे लागते. अनामिकेने तार दाबायची, मागच्या दोन बोटांचा तिला आधार द्यायचा, नेमक्या उंचीवर ती धरून ठेवायची आणि मग मनगटातून आंदोलन द्यायचे. जाड तारांवर हे करताना माझी बोटे सोलवटली आणि स्वर तरीही बेसूरच लागला. मूरची तयारी मला त्याच्या तानांपेक्षा या एका स्वरात जास्त दिसते, कारण तो आवाज प्रचंड मोठा ठेवून वाजवतो आणि तरीही त्याची ताणलेली तार ठरल्या जागेवरून जराही ढळत नाही.

प्रतिसाद : बारा मात्रा

स्वर नेमका लागतो, हे मान्य. पण शीर्षकगीताची बांधणी पाहा. ब्लूजच्या रूढ चौकटीत बारा बारमध्ये (तालाच्या बारा खंडांत) मोजके तीन कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) फिरतात. इथे मात्र डी मायनरपासून ए मायनरपर्यंत कॉर्ड एकापाठोपाठ एक पंचमाच्या अंतराने सरकत जातात, आणि ही चाल जुन्या जॅझ गीतांची आहे. गाणे गोड आहे, मलाही आवडते, पण नावात ब्लूज असलेले ते एक हळवे प्रेमगीत आहे.

प्रतिसाद : खर्ज

शीर्षकगीत चौकटीबाहेरचे आहे, हा आपला मुद्दा मी मान्य करतो. 'ओह प्रिटी वुमन'बद्दलही आपण बरोबर आहात, तिथे मूर घाईत आहे. परंतु ब्लूजच्या बुजुर्गांनी त्याला आपल्या पंगतीत बसवून घेतले, ही गोष्ट मला लहान वाटत नाही. अल्बर्ट कॉलिन्स याच अल्बमवर वाजला आणि मूरसोबत दौऱ्यावरही गेला, १९९२च्या 'आफ्टर अवर्स'मध्ये बी. बी. किंग आला. शिवाय याच १९९०च्या अल्बममधले 'मिडनाइट ब्लूज' आपण विसरत आहात. तिथे तो आवाज खाली आणतो, ओळ संपली की तार तशीच विझू देतो आणि पुढची ओळ येईपर्यंत हात लावत नाही.

प्रतिसाद : बारा मात्रा

बुजुर्गांचे मोठे मन हा मी पुरावा मानणार नाही. त्यांनी कितीतरी तरुणांना शेजारी बसवले. 'मिडनाइट ब्लूज' मात्र आज रात्री हेडफोन लावून पुन्हा ऐकले. दुसऱ्या कडव्यानंतरच्या त्या विझणाऱ्या स्वरांपुरते माझे शब्द मी मागे घेतो. 'ओह प्रिटी वुमन'बद्दलचे घेणार नाही.