प्लास्टरला १८ दिवस झाले, पुट्टी लावू का?

खिडकीपाशी:
घराला एक खोली वाढवली आहे. तीन भिंतींना आतून सिमेंटचं प्लास्टर, चौथीला आणि छताला जिप्सम. सिमेंटचं काम होऊन आज १८ दिवस झाले. त्यातले पहिले ८ दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. पेंटर म्हणतो, "भिंत सुकली, उद्यापासून पुट्टी, शनिवारी रंगाचा पहिला हात." हाताला कोरडी लागते हे खरं. पण जमिनीलगत वीतभर उंचीचा पट्टा अजून गडद दिसतो, आणि खिडकीखाली पांढरी लव आली आहे. फुंकर मारली की उडते. रोज ओल्या फडक्याने पुसतो, दुसऱ्या दिवशी परत हजर. घाई आम्हालाही आहे, निम्मं सामान ताडपत्रीखाली पडलंय. थांबू की उरकून टाकू? शिवाय प्रायमर पुट्टीच्या आधी की नंतर, यावरून घरात दोन पक्ष पडलेत.

जुना ब्रश:
थांबा. आणि ते ओलं फडकं आधी टाकून द्या.

ती लव म्हणजे क्षार. प्लास्टरमधलं पाणी बाहेर येताना क्षार विरघळवून सोबत आणतं, स्वतः उडून जातं आणि क्षार भिंतीवर ठेवून जातं. तुम्ही ओलं फडकं फिरवलं की त्यातला बराचसा पुन्हा विरघळून आत शिरतो आणि उद्या परत वर येतो. कोरड्या, जरा कडक ब्रशने झाडा, खाली कागद पसरा, पडेल ते गोळा करून बाहेर टाका. झाडल्यावर पुन्हा येत असेल तर आत पाणी आहे, एवढा सरळ हिशेब.

हाताला कोरडं लागतं यावर जाऊ नका. हात वरचं अर्धं मिलिमीटर सांगतो. प्लास्टर १२-१५ मिलिमीटरचं, आणि मागची वीटही पाणी पिऊन बसलेली. जाड पारदर्शक प्लास्टिकचे दीड फूट चौरस तुकडे घ्या. एक त्या गडद पट्ट्यावर, एक खिडकीखाली, एक डोक्याच्या उंचीवर. चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि २४ तास हात लावू नका. आतून घाम आला किंवा प्लास्टिकखालचा चौकोन आजूबाजूपेक्षा काळपट दिसला, तर पेंटरला सुट्टी द्या.

२८ दिवसांचा आकडा सगळे सांगतात, पण तो सिमेंटच्या ताकदीचा आहे, वाळण्याचा नाही. हवा दमट असेल तर दोन महिनेही लागतात. खिडक्या उघड्या ठेवा, पंखा चालू ठेवा. मोठे दिवे किंवा हीटर लावून भिंत भाजू नका, वरची कातडी आधी आकसते आणि केसासारख्या भेगा पडतात.

मी २६ वर्षं रंगकाम केलं. आता गुडघे शिडी चढू देत नाहीत म्हणून लिहीत बसतो. माझी सगळ्यात मोठी फजिती मेव्हण्याच्या खोलीत झाली. तीन आठवड्यांच्या प्लास्टरवर मी ऑइल प्रायमर मारला, वर ऑइल पेंटचे दोन हात. खोली आरशासारखी दिसत होती. दोन महिन्यांनी कपाट सरकवलं तर मागचा रंग मऊ पडलेला, नख रुतत होतं, बोटाला चिकट लागत होता. नव्या सिमेंटचा सामू १२-१३ असतो. ओल, तेल आणि असला जहाल अल्कली एकत्र आले की साबण होतो. अक्षरशः साबण. चार दिवस स्क्रेपरने खरवडत होतो, फुकट, आणि रोज दुपारी जेवताना मेव्हण्याचं तोंड बघायचं ते वेगळंच.

आता तुमचे दोन पक्ष. दोघंही बरोबर आहेत, पुट्टी कुठली ते कुणी विचारलं नाही. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी थेट प्लास्टरवर बसते, खाली प्रायमर नको. भिंत किंचित ओलसर करून लावायची, नाहीतर प्लास्टर पुट्टीतलं पाणी ओढून घेतं आणि तिची भुकटी होते. (ओल आहे म्हणून थांबा म्हणतो आणि मग पाणी शिंपडा म्हणतो, हसू नका. वरून शिंपडलेलं पाणी लगेच उडून जातं, आतलं महिनाभर छळतं.) अ‍ॅक्रिलिक पुट्टी असेल तर खाली प्रायमर हवा. पुट्टीच्या वर प्रायमर दोन्हींत हवाच. पुट्टीचे दोन पातळ हात, मिळून दीड मिलिमीटरच्या आत. भिंतीचे खड्डे पुट्टीने भरणारा पेंटर दिसला तर त्याला थांबवा, खड्डा प्लास्टरनेच भरायचा. कालवलेली पुट्टी दोन-तीन तासांत संपवा. घट्ट झाल्यावर पाणी घालून पुन्हा ढवळताना दिसला तरी थांबवा.

आधी रंग मग विचार:
एवढं काही होत नाही हो. आम्ही १५व्या दिवशी रंगवलं, चार वर्षं झाली, भिंत ठणठणीत.

जुना ब्रश:
रंग पाण्याचा असणार तुमचा. त्यातून वाफ थोडीफार बाहेर पडते, म्हणून निभावलं. ऑइल पेंट असता तर चार महिनेही टिकला नसता.

शिडी धरणारी:
जिप्समच्या भिंतीचं कुणी बोललंच नाही. तिला पाणी मारायचं नसतं, चुकूनही नाही. सामूची भानगडही नाही. पण वाळावी लागतेच, आणि तिची खोड वेगळी: ती इतकी गुळगुळीत असते की घट्ट प्रायमर वरच्यावर बसतो आणि नंतर चिकटपट्टी काढताना पापडासारखा सुटून येतो. आमच्या दाराच्या चौकटीपाशी हातभर लांब पट्टा असाच सोलला गेला. आधी धूळ झाडा, मग पहिला हात डब्यावर लिहिलंय त्या मर्यादेत पातळ करून मारा, म्हणजे आत मुरेल.

सिमेंट आणि जिप्समच्या भिंती जिथे भेटतात त्या कोपऱ्यात जाळीची पट्टी लावून घ्या. तिथे भेग येण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

आणि तो गडद पट्टा. त्याच्या वरच्या कडेवर पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. रेघेखाली सरकत गेला तर नुसतं वाळणं आहे. तिथेच राहिला किंवा वर चढला, तर पाणी जमिनीतून किंवा पाइपातून येतंय. तसं असेल तर आधी ते शोधा, रंगाचं नंतर बघू.

खिडकीपाशी:
१३ दिवसांनी लिहितोय. प्लास्टिक तीनदा लावलं. डोक्याच्या उंचीवरचं पहिल्यापासून कोरडं. खिडकीखालच्यावर पहिल्यांदा थेंबच थेंब, दुसऱ्यांदा नुसतं धुकं, काल काहीच नाही. लवही आठवडाभरात आलेली नाही. पट्टा पेन्सिलच्या रेघेखाली चार बोटं उतरलाय, पण तिथलं प्लास्टिक अजून घामेजतं. पेंटर आधी वैतागला होता. काल स्वतःच येऊन प्लास्टिक सोलून बघितलं, काही बोलला नाही, आणि जिप्समच्या भिंतीला प्रायमर सुरू केला.

जुना ब्रश:
छान. पुट्टी घासून झाली की रात्री एक काम करा. खोलीतले दिवे बंद करून एक दिवा भिंतीला टेकवून धरा, उजेड भिंतीवरून आडवा गेला पाहिजे. दिवसा सपाट वाटणारी भिंत नांगरलेल्या शेतासारखी दिसेल. घाबरू नका. जिथे सावली पडते तिथे पेन्सिलने गोल करा आणि सकाळी पेंटरला फक्त ते गोल १८०च्या पॉलिश पेपरने घासायला सांगा, अख्खी भिंत नको.

खिडकीपाशी:
पेन्सिल आता रोज खिशातच असते.