रोहूच्या पोटात चरबीचे गोळे, मिनरल मिक्श्चरनं कमी होतात का?

तलाववाला_कुही
नमस्कार मंडळी, नागपूरजवळच्या कुहीकडं शेततळं आहे आपलं, रोहू-कटला आणि थोडा पंगस. मासा वजनाला मस्त आहे पण मंगळवारी बाजारात कापून देणारी मावशी बोंबलते की भाऊ तुमच्या रोहूत आतड्याभोवती पिवळे लोंदेच निघून रायले, गिऱ्हाईक म्हणते चरबीचे पैसे काहून द्यायचे. खाद्य म्हणजे राइस मिलचा कोंडा, शेंगदाणा ढेप आणि हात राखून थोडी तरंगती गोळी. खाद्यवाला म्हणते गायीचं मिनरल मिक्श्चर टाका, चरबी जळते. खरंय का हे? की उगाच थैली खपवून रायला?

ढेपकोंडा
थैली खपवून रायला बे 😄 आधी कोंडा कमी कर. तेल न काढलेल्या कोंड्यात साधारण 15 टक्के तेल असते, त्यावर ढेपेचं तेल वेगळं. मासा काय ट्रेडमिलवर चालते का?

मत्स्य_विद्यार्थी
तेलंगखेडीच्या फिशरी कॉलेजात शिकतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. मिनरलचा आणि चरबीचा संबंध आहे, पण खाद्यवाला सांगतोय तसा नाही. मुख्य भानगड फॉस्फरसची. फॅटी अ‍ॅसिड जाळायच्या आधी पेशीला एटीपी (पेशीचं एनर्जीचं चलन) खर्च करावं लागतं आणि एटीपी बनायला फॉस्फेट पाहिजे, ते कमी पडलं की चरबी जळायची मंदावते आणि खाल्लेली एनर्जी पोटात साठत जाते. कार्पमध्ये फॉस्फरस कमी पडला की अंगातली चरबी वाढते, हाडं कच्ची राहतात, डोकं वेडंवाकडं होतं, हे जुनंच माहिती आहे. कॅल्शियम मासा गिलमधून पाण्यातूनच घेतो, आपल्या बोअरच्या पाण्यात त्याची ददात नाही. पाण्यात फॉस्फरस मात्र नावालाच असतो, तो खाद्यातूनच द्यावा लागतो.

आता तुम्ही म्हणाल कोंड्यात फॉस्फरस भरपूर असतो. असतो ना, पण बहुतेक फायटेटच्या (धान्यात बांधून ठेवलेल्या, सहज न पचणाऱ्या) रूपात, आणि रोहू-कटलाला जठरच नसतं, म्हणजे आम्ल नाही, त्यामुळे तो तसाच बाहेर पडतो, शिवाय जाताना झिंकलाही बांधून नेतो. हाडाचा चुरा टाकाल तर त्याचंही तेच. कॉमन कार्पवर जपानमध्ये झालेल्या जुन्या कामात मोनोकॅल्शियम फॉस्फेटमधला फॉस्फरस 94 टक्के लागू पडला (म्हणजे माशाच्या अंगात शोषला गेला), डायकॅल्शियमचा 46 आणि ट्रायकॅल्शियमचा फक्त 13. गायीच्या मिक्श्चरमध्ये बहुतेक डायकॅल्शियमच असतं आणि कॅल्शियम जास्त झालं की फॉस्फरस आणखी अडतो.

तलाववाला_कुही
अरे बाप्पा! मंग मोनोवालं किती टाकू? आणि पंगसचं काय, त्यातही चरबी आहेच.

मत्स्य_विद्यार्थी
कार्पला खाद्यात लागू पडणारा फॉस्फरस 0.6 ते 0.7 टक्के लागतो. मोनोकॅल्शियम फॉस्फेटमध्ये साधारण 22 टक्के फॉस्फरस असतो, म्हणजे 100 किलो खाद्याला 2 किलो टाकलं तर निम्म्याहून जास्त भर निघते, बाकी गोळीतून येतं. ते खाद्यात मळूनच द्या, पाण्यात फेकू नका, नाहीतर शेवाळ माजेल, पहाटे ऑक्सिजन पडेल आणि मासे तोंड वर काढतील. पंगसला जठर आहे म्हणून फायटेट फोडणारं फायटेज एन्झाइम त्याला बऱ्यापैकी चालतं, रोहूला तेवढं नाही. पण पंगस जातीनंच चरबीवाला, त्याला मिनरलनं सडपातळ करायचं स्वप्न सोडा.

उमरेड_भोई
कोणी तांब्याचा विषय काढला नाही. आमच्याकडं एकानं शेवाळासाठी मोरचूद (तांब्याचंच क्षार, कॉपर सल्फेट) असं मारलं की मासे खायचेच बंद झाले. तांबं खाद्यात जरासं लागते खरं, कार्पला किलोमागं 3 मिलिग्रॅम बस, पण पाण्यात जास्त झालं की लिव्हरची वाट लागते. आणि चरबीवालं लिव्हर फिकट दिसलं की मिनरलच कमी असं नसते, कोलीन (व्हिटॅमिनसारखं एक पोषक द्रव्य) कमी असलं तरी किंवा खवट कोंडा खाल्ला तरी तसंच दिसते. तुमचा कोंडा किती दिवसाचा असतो भाऊ?

तलाववाला_कुही
पावसाळ्यात भरलेला आहे, वास येते थोडा...

ढेपकोंडा
घ्या! मोनो-बिनो नंतर पहा, आधी तो कोंडा तळ्यात टाकणं बंद करा. तेल काढलेला कोंडा घ्या, पंधरा दिवसाचाच आणा, आणि हिवाळ्यात मासा खात नसेल तं उगाच ओतू नका.

मत्स्य_विद्यार्थी
+1. दीड-दोन महिन्यांनी दोन-चार रोहू फाडून चरबी आणि लिव्हर दोन्हीचे फोटो इथंच टाका, मग बोलू.