दोघं एकदम रडली तर पहिलं कुणाला? जुळ्या-तिळ्यांच्या घरातले अनुभव

ठाणे, एक मुलगा एक मुलगी, अडीच वर्षं.
काल रात्री आमची दोघं एकदम सलग साडेसहा तास झोपली. असं पहिल्यांदाच झालं. मी मध्ये तीनदा उठून श्वास चालू आहे ना बघून आले ते सोडा. तर म्हटलं, बरेच दिवस मनात असलेला धागा आज काढूनच टाकू.

गरोदरपणावर ढिगाने लिहिलेलं सापडतं, पण जुळी घरी आल्यावर पहिली दोनतीन वर्षं रोजच्या रोज कशी निघतात यावर सगळे "डबल आनंद!" म्हणून मोकळे होतात. सल्ले नकोत, ते आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये फुकट मिळतात. तुमच्याकडे काय झालं ते लिहा. सुरुवातीला गाव आणि मुलांचं वय टाका, नावं नकोत. आणि माझा स्वतःचा एक प्रश्न आहे, त्याचं उत्तर जमलं तर द्या. दोघं एकदम रडली तर पहिलं कुणाला उचलायचात?

मी मुलाला उचलायचे. तो काळानिळा होईपर्यंत रडायचा आणि ती जरा कळ काढायची, म्हणून. आता ती धपकन पडली तरी रडत नाही, उठून फ्रॉक झटकते आणि चालायला लागते. येणारा-जाणारा म्हणतो, किती शहाणी गं, आणि माझ्या पोटात कसंतरीच होतं.

पुणे, दोन मुली, चौदा महिने.
आमच्या अगदी सारख्या दिसतात. हॉस्पिटलमधून हाताला पट्टे बांधून दिले होते आणि आम्ही ठरवलं होतं की पट्टे काढायचे नाहीत, पण मालिशवाल्या मावशींनी पहिल्याच दिवशी तेल लावताना दोन्ही कापून टाकले आणि "आईला कळतं हो" म्हणाल्या. आईला कळत नव्हतं. आईला तेव्हा वार कुठला तेसुद्धा कळत नव्हतं. मग नवऱ्याने एकीच्या पायाच्या अंगठ्याला लाल नेलपेंट लावलं. हाताला नाही, कारण हात तोंडात जातो. अजूनही दर रविवारी लावतो. त्या पहिल्या संध्याकाळी आम्ही नेलपेंट बरोबर मुलीला लावलं की नाही हे मात्र आता देवालाच माहीत.

व्हिटॅमिन डीचे थेंब एकदा एकीलाच दोनदा दिले गेले, एकदा मी आणि एकदा सासूबाईंनी. डॉक्टर म्हणाले एका दिवसाने काही होत नाही, पण मी घाबरले होते. तेव्हापासून शाळेच्या वहीत उभी रेघ मारून दोन रकाने, दूध किती वाजता, कुठल्या बाजूचं, शू, शी, औषध, आणि पुढे देणाऱ्याची सही. सासरे रिटायर्ड बँकवाले, त्यांनी महिनाअखेरीला बेरीज पण केली होती.

पहिलं कुणाला या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. जी जवळ असेल ती.

नाशिक, तिळे, दोन मुलगे एक मुलगी, तीन वर्षं पूर्ण.
बत्तिसाव्या आठवड्यात झाली. एक किलो सहाशे, एक किलो चारशे आणि मुलगी एक किलो दीडशे. मोठा अठराव्या दिवशी घरी आला, मधला पंचविसाव्या आणि मुलगी एक्केचाळिसाव्या. त्या मधल्या दिवसांबद्दल कुणी बोलत नाही. घरी असले की एनआयसीयूमधली, म्हणजे तान्ह्यांच्या अतिदक्षता विभागातली, डोळ्यासमोर, तिथे गेले की घरचा भुकेला असेल म्हणून जीव वर-खाली, आणि सिझेरियनचे टाके घेऊन रिक्षाने रोज दोन फेऱ्या.

तिथल्या सिस्टरांनी कांगारू पद्धत शिकवली, म्हणजे बाळाला फक्त टोपी आणि लंगोट घालून उघड्या छातीवर उभं ठेवायचं आणि वरून गुंडाळून घ्यायचं. बाबालाही बसवलं. आमचे हे शर्ट काढायला लाजत होते, पण मुलगी छातीवर ठेवल्यावर समोरच्या मशीनवरचे आकडे जे शांत झाले ते बघून रोज स्वतःच खुर्ची धरून बसायला लागले. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी मात्र मला बघवली नाही, मी बाहेर जिन्यात बसून राहिले. कमी दिवसांच्या बाळांना ती चुकवायची नसते, महिन्याच्या आत करावी लागते, आणि आमच्या मुलीची तीनदा झाली. सगळं ठीक निघालं.

दुसरं म्हणजे वय. आमची मुलं दोन महिने आधी आली, म्हणजे सहा महिन्यांची झाली तेव्हा वाढीच्या हिशोबाने चारच महिन्यांची. डॉक्टर दोन वर्षांपर्यंत तसंच धरायचे. पण हे नणंदेला, शेजारणीला, भाजीवालीला किती वेळा सांगणार? "अजून बसत नाहीत?" ऐकलं की मी नंतर नंतर सरळ खोटी जन्मतारीख सांगायला लागले.

दिवसाला पंचवीस-तीस लंगोट. तिसऱ्याला पाजून ढेकर काढून होईपर्यंत पहिल्याची पुन्हा वेळ. आई आणि सासूबाई अशा दोन पाळ्या लागल्या, दोघींचं एरवी पटत नाही पण त्या वर्षभरात भांडायला वेळच मिळाला नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर: दोन मांडीवर आणि तिसऱ्याला लांब केलेल्या पायांवर घालून हलवायचं. पायांवर कोण हे पाळीपाळीने, त्याचीही वही होती.

मुंबई, दोन मुलगे, पाच वर्षं.
नाशिकच्या ताईंचं वाचून आठवलं. माझे पस्तिसाव्या आठवड्याचे, आणि मला चार दिवस दूधच नीट आलं नाही. दोन बाळं आणि हातात पाच मिली. सायनला लोकमान्य टिळक रुग्णालयात आईच्या दुधाची बँक आहे, १९८९ पासून, आशियातली पहिली म्हणतात. तिथे माझ्या पोरांना दुसऱ्या बायांनी दिलेलं दूध तपासून, पाश्चराइज करून मिळालं. सासूबाईंनी "कुणाचं कोण जाणे" म्हणून तोंड वाकडं केलं होतं. पुढे मला इतकं दूध आलं की दोघांचं भागून उरायला लागलं, मग मी पण काढून दिलं. कुणाच्या पोराने प्यायलं माहीत नाही. सासूबाईंना मी हे अजून सांगितलेलं नाही.

अकोला, बाबा लिहितोय. मोठी मुलगी आठ वर्षं, जुळे मुलगे दोन वर्षं.
मी सरकारी नोकरीत. दुसऱ्या वेळी सोनोग्राफीत दोन दिसले आणि ऑफिसात पहिली प्रतिक्रिया अभिनंदन नव्हती, "आता नोकरीचं काय रे भाऊ?" अशी होती. आपल्याकडे २००५ च्या नियमांनी छोट्या कुटुंबाचं, म्हणजे दोनपेक्षा जास्त मुलं नाहीत असं, प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं ना. मी रात्रभर झोपलो नाही. सकाळी आस्थापनातल्या मॅडमनी नियम काढून दाखवला: एक मूल असताना पुढच्या एकाच बाळंतपणात कितीही मुलं झाली तरी ती एकच धरतात. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीलाही तसंच आहे. गावाकडे काका तरी म्हणालेच की तुझं सरपंचपद गेलं. मी कधी उभा राहणार होतो देव जाणे.

बायको खाजगी शाळेत. तिला २६ आठवडे रजा मिळाली, २०१७ पासून आहे ती. पण जुळ्यांना म्हणून एक दिवस जास्त नाही, एक होवो नाहीतर तीन होवोत, आठवडे तेवढेच. ती कामावर रुजू झाली तेव्हा दोघंही रात्री चार-चार वेळा उठत होते. मी रात्री साडेबारा ते चार आणि ती चार ते सकाळ असं वाटून घेतलं. चार वाजता हॉलमध्ये आम्ही एकमेकांना गार्ड बदलल्यासारखे भेटायचो. वर्षभर नवरा-बायको म्हणून बोलणं म्हणजे "धाकट्याने सत्तर पिलं, थोरल्याची शी झालीये" एवढंच.

पण खरं रडायला आलं ते मोठीमुळे. ती एक दिवस बाहुलीला म्हणत होती, "थांब हं, आत्ता हात नाहीत." पहिलं कुणाला, या प्रश्नात आमच्याकडे तिचं नाव कधी आलंच नव्हतं.

ठाणे, मीच परत.
अकोल्याचं वाचून दहा मिनिटं नुसती बसून राहिले.

तालुका कराड. मी सांगतीय, सून टाइप करतीय.
माझी जुळी आता त्रेचाळीस वर्षांची बाप्ये झालीत. आमच्या टायमाला कुठलं मशीन न् कुठली तपासणी, एक झाला आन् सुईण म्हणली अजून एक हाय. सासू म्हणली हिनं जोडकेळं खाल्लं आसंल. मी केळं नाय खाल्लं, खायाला मिळत कुठं हुतं. घरात अकरा माणसं, त्यामुळं पोरं भुईला कमीच असायची, कुणी ना कुणी काखंत मारून न्यायचं. मला दोघांना पुरंना, तर शेजारच्या वहिनीला तवा तान्ही पोर हुती, ती दुपारी येऊन एकाला पाजून जायची. त्यो अजून तिला राखी-भाऊबीजेला आईच्या आधी नमस्कार करतो. मला राग येत नाय. थोडा येतो.

तुम्ही इचारलंय रडल्यावर कुणाला. जो गप हाय त्याला आधी बघायचं. रडणाऱ्याचं कळतंय की त्यो धड हाय.

गाव नाही लिहीत. मुलगा, चार वर्षं.
लिहू की नको करत होते. आमची एकाच वारेवरची जुळी होती, आणि त्या वारेतून एकाला रक्त जास्त आणि एकाला कमी जात होतं. कळलं तोवर उशीर झाला होता. एक आहे, एक नाही. बारशाला लोक म्हणाले, एक तरी हाताशी आहे ना. बरोबरच आहे, पण एकाच तारखेला दोन्ही असतं आमच्याकडे. सकाळी केक आणायच्या आधी मी तासभर कुणाशी बोलत नाही, घरात सगळ्यांना माहीत आहे, कुणी हाक मारत नाही. मी स्वतःला जुळ्यांची आई म्हणवते. या धाग्यावर चालेल ना?

ठाणे.
चालेल काय, तुमची जागाच आहे इथे.

म्युनिक, दोन मुली, तीन वर्षं.
इथे आजी-आजोबा व्हिसावर येतात, १८० दिवसांत नव्वदच दिवस राहता येतं. म्हणून आधी माझी आई आणि ती विमानात बसली त्याच आठवड्यात सासूबाई. विमानतळावर दोघींची भेट व्हावी असं आम्हाला वाटत होतं, हँडओव्हर नीट झाला असता. सहा महिन्यांनंतर कुणीच नाही. त्या सोमवारी सकाळी दार बंद झालं आणि घरात मी आणि दोन बाळं.

चांगलं ते सांगते. पहिले काही आठवडे हेबामे म्हणजे सुईणबाई घरी येऊन बघून जाते, विम्यातून. पालकभत्त्यात जुळं असलं की दुसऱ्या बाळाचे महिन्याला ३०० युरो जास्त मिळतात. पण खिचडी कुणी आणून देत नाही. माझ्याकडे आईने केलेले डिंकाचे लाडू होते, ते मी रात्री तीन वाजता मोजून खायचे.

बोलायला दोघी उशिरा लागल्या, आणि लागल्या तेव्हा आपसात. "आम्मू" म्हणजे पाणी, "टिका" म्हणजे दे. आम्ही घरी मराठी, पाळणाघरात जर्मन, आणि यांचं तिसरंच. डॉक्टर म्हणाल्या जुळ्यांत होतं असं, तुम्ही प्रत्येकीशी वेगवेगळं बोला. मग मी रोज एकीलाच घेऊन दुकानात जायला लागले, वीस मिनिटं. पहिल्या दिवशी ती रस्ताभर मागे वळून बघत होती. "टिका" गेला, "आम्मू" अजून आहे, आता आम्ही पण पाण्याला तेच म्हणतो.

पणजी, मुलगा-मुलगी, दोन वर्षं.
सगळ्यांनी तान्ह्यांचं लिहिलंय, मी पळणाऱ्यांचं लिहितो. मिरामारच्या किनाऱ्यावर नेलं तर एक पाण्याकडे, एक रस्त्याकडे. आम्ही दोघं आहोत तोवर ठीक, एकटा असलो तर जातच नाही. विमानातही एका मोठ्या माणसाच्या मांडीवर एकच बाळ चालतं, म्हणून बायकोला माहेरी एकटीने जाता आलं नाही दोन वर्षं.

चावतात. एकमेकांना. ही दंडाला, तो पाठीला. डॉक्टरकडे दोघांच्या अंगावर दातांचे वळ बघून त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं! दोन सारख्या लाल गाड्या आणल्या तरी भांडण, कारण त्याला "तिची" लाल हवी. लस एकाच दिवशी देऊ नका असं मी सांगणार होतो, पण वेगवेगळ्या दिवशी दिली तर ताप दोन रात्री. एकत्र दिली तर एकच रात्र, पण ती रात्र... तुमचं तुम्ही ठरवा.

पहिलं कुणाला: जो चावला गेलाय त्याला. मग ज्याने चावलं तो जास्त रडतो.

सोलापूर, मी स्वतः जुळा, वय ३४.
फक्त एवढंच, प्लीज केक दोन आणा. लहान आणा पण दोन आणा.

पुणे, परत मी, नेलपेंटवाली.
केकचं नोंदवून घेतलं, ऑगस्टमध्ये पहिलाच वाढदिवस झाला तेव्हा एकच आणला होता. बरं, ठाण्याच्या ताई, आमच्याकडे जुळ्यांची गाडी पडून आहे, शेजारी-शेजारी बसायची. आमच्या लिफ्टमध्ये ती जात नाही हे घेतल्यावर कळलं, आणि फुटपाथवर एक चाक गटाराच्या झाकणावर. चारदा वापरली असेल. कुणाच्या घरी दार मोठं असेल तर घेऊन जा, पैसे नकोत. डावीकडचं चाक जरा ओढतं.

ठाणे.
आमचं दार मोजून सांगते. उठली वाटतं, दोघं.