पान कुठलं, त्यावर आहे
तासाला शंभर पानं वाचता म्हणालात, पण कुठली पानं? संवादांनी भरलेली रहस्यकथा मीही एका बैठकीत फस्त करतो. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात मात्र परवा एकाच परिच्छेदावर पाऊण तास अडकलो होतो, पेन्सिलीने खुणा करत. डोळे ओळीवरून सलग सरकत नाहीतच. ते उड्या मारतात, दर थांब्यावर साधारण पाव सेकंद टेकतात आणि वाक्य अवघड असलं की मागे फिरतात. इंग्रजीत मनातल्या मनात वाचण्याचा सरासरी वेग मिनिटाला २४० शब्दांच्या आसपास मोजला गेलाय. त्याच्या चौपट वेगवाले बहुधा चाळत असतात (प्रस्तावना मीही चाळतोच म्हणा). विषय ओळखीचा असला की वेग आपसूक वाढतो. आणि मोबाइल शेजारी असला की तेच पान तिसऱ्यांदा!