ठसा न उमटणे आणि लोखंडाचे डाग
कातड्यावर ठोकलेला नक्षीचा ठसा नीट उमटत नसेल तर कातडे रात्रभर पाण्यात भिजवावे, असा सल्ला या चर्चेत कोणी दिला आहे; तो मला पटत नाही. क्रोमने (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेले कातडे कितीही भिजवले तरी ठसा नीट धरत नाही. त्यासाठी कोल्हापुरी चपलांना वापरतात तसे बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेले कातडे हवे, आणि तेही ओल्या स्पंजाने पुसून, त्याचा मूळचा फिका रंग परतू लागेपर्यंत थांबून मगच त्यावर ठसा ठोकावा.

या चर्चेत कोणी न लिहिलेली बाब म्हणजे लोखंड. अशा कातड्यातील टॅनिनचा (साल व हिरड्यातून उतरलेल्या तुरट द्रव्याचा) ओलेपणी लोखंडाशी संयोग झाला की निळसर काळा डाग पडतो. हिरड्याची शाई होते ती याच गुणामुळे. मी एकदा रापी (कातडे कापायचे लोखंडी हत्यार) ओलसर पट्ट्यावर ठेवून जेवायला गेलो आणि परतलो तेव्हा तिच्या पात्याची आकृती धारेच्या खाचेसकट कातड्यावर उमटली होती (हवा होता तो ठसा मात्र पुसटच होता). लिंबाचा रस हलक्या हाताने लावून, लगेच स्वच्छ ओल्या फडक्याने टिपून घेतल्यावर डाग बराच फिका झाला, पण पूर्ण गेला नाही. तेव्हापासून ओल्या कामाजवळ मी लोखंडी हत्यार ठेवत नाही आणि ठोकण्यासाठी खाली संगमरवराचा तुकडा घेतो.