हजार पास आणि एकही गोल नाही

फुटबॉलमध्ये ‘पासची अचूकता ९० टक्क्यांवर असेल तर मिडफिल्डर (मधल्या फळीतला खेळाडू) उत्तमच’ असं एक मत आहे, ते मला पटलं नाही. २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये स्पेनने मोरोक्कोविरुद्ध हजाराच्या आसपास पास दिले. १२० मिनिटांत गोल शून्य, पेनल्टी शूटआउटमध्येही शून्य! पासचं मोल ठरवायला मैदानाचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातून गोलची शक्यता काढायची एक पद्धत आहे. ती चांगली आहे, पण विरोधी खेळाडू कुठे उभे आहेत हे तिला दिसत नाही.

ती उणीव ‘पॅकिंग’ भरून काढतं: पासने किती विरोधी खेळाडू मागे पडले हे त्यात मोजतात. श्टेफान राइनार्ट्झ आणि येन्स हेगेलर या लेव्हरकुसेन या जर्मन क्लबकडून खेळलेल्या दोघांनी ते आणलं. पासआधी चेंडू आणि गोल यांच्यामध्ये सहा विरोधी होते, नंतर दोन उरले, तर चार गुण. पास घेणाऱ्यालाही श्रेय मिळतं, आणि मला हेच सर्वांत न्याय्य वाटतं, कारण मोकळी जागा त्यानेच शोधलेली असते. करून बघायचं असेल तर स्टॅट्सबॉम्ब या फुटबॉल-आकडेवारीच्या कंपनीचा २०२२ च्या वर्ल्ड कपचा ‘३६०’ डेटा (पास वगैरेच्या क्षणी खेळाडू कुठे होते याची नोंद) मोफत आहे. फक्त कॅमेऱ्याबाहेरचे खेळाडू त्यात नसतात, त्यामुळे लांब पासची मोजणी जपून करा.