प्रतिसाद: डबा सीलबंद होता तरी

वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की 1960 च्या दशकात ब्रिटनमध्ये अन्नतपासणी सगळी लंडनहून चालायची. तसं नव्हतं हो. 1974 पर्यंत प्रत्येक नगरपालिकेचा स्वतःचा आरोग्य अधिकारी असे आणि दुकानांवर नजर ठेवणारे निरीक्षक त्याच्या हाताखाली.

1964 च्या मे-जूनमधली स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन शहराची टायफॉइडची साथ बघा. पाचशेच्या आसपास रुग्ण. उगम एका सुपरमार्केटच्या काउंटरवर, अर्जेंटिनातून आलेल्या कॉर्न्ड बीफच्या (मिठात मुरवलेल्या डबाबंद गोमांसाच्या) मोठ्या डब्यात. कारखान्यात डबे उकळून निर्जंतुक करत, पण नंतर गार करायला क्लोरीन न घातलेलं नदीचं पाणी. गार होताना डब्यात निर्वात पोकळी तयार होते, आणि जोडाला सुईच्या टोकाएवढं छिद्र असलं तरी पाणी, त्यातल्या जंतूंसकट, आत ओढलं जातं. पुढचं काम दुकानातल्या काप करायच्या यंत्राने केलं: त्याच पात्यावर दुसरं मांस कापलं गेलं.

तिथले आरोग्य अधिकारी इयान मॅक्वीन रोज पत्रकारांना बोलवून हात धुवा म्हणून कानीकपाळी ओरडत होते. पुढे चौकशी समितीने त्यांच्यावरच अतिप्रसिद्धीचा ठपका ठेवला. मला तो जरा अन्यायच वाटतो. साथीच्या आदल्याच वर्षी इंग्लंडमधल्या हार्लो आणि साउथ शील्ड्समध्ये कॉर्न्ड बीफवरूनच टायफॉइड झाला होता, तरी संशयित साठा बाजारात राहिला. तो रोखणं मात्र लंडनच्याच, म्हणजे केंद्र सरकारच्या, हातात होतं.